पुण्याहून पासाऊला : डॅन्यूबकाठच्या सायकल सहलीपूर्वीचा प्रवासाचा दिवस कसा आखावा

जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने जाणारा सायकलमार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा आहे. बहुतेक ठिकाणी सपाट, बराचसा वाहनांपासून वेगळा आणि दर काही किलोमीटरवर गाव असलेला हा मार्ग परदेशात प्रथमच सायकल चालवणाऱ्यांना फार मानवतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या मंडळींची सायकल चालवण्याची तयारी सहसा चांगली असते. महिनोन्‌महिने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा लोणावळ्यापर्यंत सराव झालेला असतो. तयारी कमी पडते ती त्याआधीच्या एका दिवसाची. पुण्यातील घराच्या दारापासून पासाऊमधील हॉटेलच्या दारापर्यंत साधारण चोवीस तास लागतात, आणि त्यात मोटार, विमान, दोन रेल्वेगाड्या, तीन-चार तपासण्या आणि एक जवळजवळ बिनझोपेची रात्र असते.

या दिवसाकडे सहलीतील वाया जाणारा दिवस म्हणून पाहू नये. तो सहलीचा पहिला टप्पाच आहे, आणि त्याचे उद्दिष्ट एवढेच की त्या संध्याकाळी पासाऊमध्ये आपण वेळेवर, सामानासह आणि अंगात त्राण शिल्लक ठेवून झोपी जावे. त्यासाठी एक तत्त्व पाळावे : जो निर्णय घरी बसून घेता येतो, तो थकलेल्या अवस्थेत परक्या स्थानकावर घेण्यासाठी मागे ठेवू नये. पुढील सर्व सूचना याच तत्त्वातून आलेल्या आहेत.

तिकीट, तारीख आणि व्हिसा

मुंबईहून म्युनिकला, जेथून पुढे रेल्वेने पासाऊला जाता येते, लुफ्थान्साची थेट विमानसेवा आहे. आखाती देशांतून विमान बदलून जाणारे पर्यायही पुष्कळ आहेत. बदलाचे तिकीट स्वस्त पडते हे खरे, पण सायकल सहलीच्या आरंभी थेट विमानालाच प्राधान्य द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मधल्या विमानतळावर सामान मागे राहिले, तर सामान्य पर्यटकाला ते दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलात मिळते. सायकलस्वार मात्र दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी असतो, तिसऱ्या दिवशी त्याच्याही पुढच्या. येताना व्हिएन्नाहून निघायचे असल्याने जाण्यायेण्याचे साधे तिकीट न काढता जाताना म्युनिक आणि येताना व्हिएन्ना असे एकत्रित तिकीट काढावे. दोन स्वतंत्र एकेरी तिकिटांपेक्षा ते बहुधा कमी किमतीत मिळते, आणि विमानकंपनीने एका बाजूचे वेळापत्रक बदलले तर दुसऱ्या बाजूची जबाबदारीही तिच्यावरच राहते.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि ००:५० अशी वेळ असेल, तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, तरीही मोटार सांगताना, रजेचा अर्ज भरताना किंवा नातेवाइकांना कळवताना तारखेचा घोळ होतो. म्हणून प्रवासाच्या कागदावर विमानाची वेळ न लिहिता घरातून निघण्याची तारीख, वार आणि वेळ ठळक अक्षरांत लिहावी. पासाऊमधील हॉटेलाची नोंदणी मात्र १२ तारखेपासूनच करावी, कारण विमान त्याच सकाळी म्युनिकला उतरते.

व्हिसाबाबत या मार्गाचे एक वैशिष्ट्य आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियासह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज त्या देशाकडे करायचा असतो, जेथे आपला मुक्काम सर्वांत जास्त रात्री आहे. पासाऊ जर्मनीत असले तरी त्यापुढील जवळजवळ सर्व मुक्काम ऑस्ट्रियात होतात, त्यामुळे अर्ज ऑस्ट्रियाकडे करावा लागतो, आणि प्रवेश मात्र जर्मनीतून होतो. हे पूर्णपणे नियमाला धरून आहे. परंतु म्युनिक विमानतळावरील पारपत्र तपासणीच्या खिडकीवरील अधिकारी ऑस्ट्रियाचा व्हिसा पाहून प्रवासाचा हेतू विचारू शकतो. त्यासाठी मुक्कामांच्या नोंदण्या, व्हिएन्नाहून परतीचे तिकीट आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासविमा यांच्या छापील प्रती हातातील पिशवीत ठेवाव्यात आणि ‘पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने’ हे एका वाक्यात सांगता यावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून शेवटच्या महिन्यावर विसंबू नये.

स्वतःची सायकल न्यावी की तेथे घ्यावी

प्रवासाच्या दिवसाचे स्वरूप या एका निर्णयावर सर्वाधिक अवलंबून असते. पासाऊमध्ये सायकली भाड्याने देणारे व्यवसाय या मार्गामुळेच उभे राहिलेले आहेत. तेथे सायकल घेऊन ती व्हिएन्नामध्ये परत करण्याची सोय मिळते आणि पॅनियर म्हणजे सायकलीला अडकवायच्या पिशव्या, कुलूप व पंक्चरचे साहित्यही सोबत मिळते. आठ-दहा दिवसांच्या सहलीसाठी आणि विशेषतः प्रथमच जाणाऱ्यांसाठी सायकल तेथेच घेणे हा निःसंशय उत्तम मार्ग आहे. नोंदणी करताना केवळ उंची न कळवता पायाची आतील लांबीही सेंटिमीटरमध्ये कळवावी. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहून, मांड्यांच्या मध्ये पुस्तक घट्ट धरून, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजले की ती मिळते. बैठकीची सवय ज्यांना बदलवत नाही, त्यांनी स्वतःची सीट बरोबर न्यावी. तिला वजन फारसे नसते आणि चौथ्या दिवशी तिचे मोल कळते. पेडलला अडकणारे क्लिपचे बूट वापरणाऱ्यांनी स्वतःची पेडलेही न्यावीत.

विजेवर चालणारी स्वतःची सायकल नेण्याचा विचार सोडूनच द्यावा. प्रवाशाने बरोबर नेण्याच्या लिथियम बॅटरीला विमानात विनापरवानगी १०० वॉट-तास आणि कंपनीच्या परवानगीने १६० वॉट-तास इतकीच मर्यादा असते, तर अशा सायकलीची बॅटरी बहुधा ३०० वॉट-तासांच्या पुढची असते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे किंवा ज्यांच्या सोबतीला वडीलधारे आहेत, त्यांनी विजेची सायकल पासाऊमध्येच भाड्याने घ्यावी.

तरीही लांबचा बेत असल्याने किंवा स्वतःच्या सायकलीवरील प्रेमाने कोणी ती नेणार असेल, तर तिची नोंद तिकीट काढतानाच करावी. ऐन वेळी काउंटरवर खोके नेऊन उभे राहिल्यास जागा नसल्याचे कारण देऊन ते नाकारले जाऊ शकते. नव्या सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात, ती खोकी ओळखीच्या दुकानदाराकडे मागितल्यास सहज मिळतात. सायकल भरताना पुढचे चाक काढून फोर्कच्या, म्हणजे ते चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, टोकांमध्ये प्लास्टिकचा आधार बसवावा, म्हणजे वरून वजन पडले तरी ती टोके आत दबणार नाहीत. डिस्क ब्रेक असल्यास पॅडच्या मध्ये तुकडा घालावा, नाहीतर चाक नसताना लिव्हर दाबला गेल्यास पॅड एकमेकांना चिकटून बसतात. गिअर बदलणारा मागचा डिरेलर त्याच्या हँगरवरून, म्हणजे फ्रेमवरील त्याच्या लहान आधारपट्टीवरून, सोडवून कापडात गुंडाळून चेनस्टेला, म्हणजे साखळीलगतच्या फ्रेमच्या दांड्याला, बांधावा, कारण खोके आडवे पडल्यावर सर्वप्रथम वाकतो तो हँगरच. एक जादा हँगर बरोबर असावाच, तो प्रत्येक सायकलीचा निराळा असतो आणि परगावी मिळेलच असे नाही. सीटच्या दांड्यावर मूळ उंचीच्या जागी चिकटपट्टीची खूण करावी. पेडल काढताना डावे पेडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते हे लक्षात ठेवावे. उलट जोर लावून ते आणखी घट्ट करणारे पुष्कळ असतात. टायरमधील हवा थोडी कमी करावी, पण पूर्ण काढू नये, म्हणजे रिमला संरक्षण राहते. सर्व लहान भाग एका पिशवीत घालून ती पिशवी फ्रेमला बांधावी, कारण तपासणीसाठी खोके उघडल्यास सुटे भाग बाहेर राहून जातात. खोक्याचे वजन २३ किलोच्या आत ठेवण्याचा प्रयत्न करावा आणि ते घरीच काट्यावर पाहावे.

महागडी सायकल नेणाऱ्यांनी मुंबईहून निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यात सायकलीचे वर्णन आणि फ्रेमचा क्रमांक नोंदलेला असतो, त्यामुळे परतताना ती परदेशात विकत घेतल्याचा संशय येऊन शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही. त्यासाठी खरेदीची पावती सोबत ठेवावी आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे.

सामान : जवळ काय ठेवावे, आत काय घालावे

सामानाची विभागणी एकच प्रश्न विचारून करावी : मोठी बॅग दोन दिवस आलीच नाही, तर उद्या सायकल चालवता येईल का? त्या दृष्टीने सायकलीची एक पँट, एक जर्सी, हातमोजे, पावसाचे पातळ जाकीट, बूट, नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि चार्जर हे सर्व विमानात जवळ असावे. हेल्मेट हातातील पिशवीला बाहेरून अडकवता येते. मोठ्या बॅगेत ते दाबले गेल्यास बाहेरून न दिसणारी चीर पडू शकते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या नियमानुसार जवळच ठेवाव्या लागतात, त्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. २०,००० एमएएचची सामान्य पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे मर्यादेच्या आत; मात्र तिच्यावरील क्षमतेचा मजकूर पुसलेला असेल तर सुरक्षा कर्मचारी ती काढून घेऊ शकतात. याउलट ॲलन की, मल्टीटूल, टायर काढण्याचे लिव्हर आणि चाकू हे सर्व मोठ्या बॅगेतच घालावे. हवा भरण्यासाठी वायूच्या नळकांड्या नेण्याऐवजी छोटा हातपंप न्यावा, म्हणजे परवानगीचा प्रश्नच येत नाही.

खाण्याच्या बाबतीत मराठी घरांत उत्साह मोठा असतो, आणि येथेच नियम नीट समजून घ्यावे लागतात. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस, दूध आणि त्यांचे पदार्थ वैयक्तिक सामानातूनही आणता येत नाहीत. त्यामुळे पेढे, बर्फी, पनीर आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. ताज्या फळांना रोगमुक्ततेचे अधिकृत प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच त्याला सूट आहे. म्हणजे मे महिन्यात जर्मनीतील आप्तांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह कितीही प्रबळ असला, तरी प्रमाणपत्राशिवाय ती नेऊ नये. कढीपत्त्याच्या जुड्यांचेही तेच. भारतातून निघतानाही सुके खोबरे सामानात चालत नाही, कारण त्यातील तेलामुळे ते ज्वलनशील मानले जाते. खाकरे, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भाजलेले फुटाणे हे मात्र निर्धास्त न्यावे; पहिल्या दोन दिवसांत पोटाला ओळखीचे अन्न मिळाले तर बाकीचे सारे सोपे जाते. चिवड्यात खोबऱ्याचे काप घालू नयेत, एवढे घरी आधीच सांगून ठेवावे.

दोन रिकाम्या सायकल बाटल्या जवळच्या पिशवीत असाव्यात. सुरक्षा तपासणीनंतर त्या भरून घेता येतात, विमानात उपयोगी पडतात, आणि जर्मनी व ऑस्ट्रियातील नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने पुढेही पाणी विकत घ्यावे लागत नाही.

पुणे ते मुंबई

अंतर सुमारे दीडशे किलोमीटरचे असले, तरी संपूर्ण प्रवासातील सर्वांत अनिश्चित भाग हाच आहे. बोरघाटात एखादा मालवाहू ट्रक बंद पडला किंवा पावसाळ्यात दरड आली, तर द्रुतगती मार्गावर तास-दोन तास सहज जातात. रविवारी संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे परतणाऱ्या वाहनांची भर पडते, आणि पुढे वाशीपासून विमानतळापर्यंत शहरातील कोंडी असतेच. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराच्या विमानासाठी पुण्याहून दुपारी चारपर्यंत निघावे, पावसाळ्यात किंवा रविवारी तीनपर्यंत. विमानतळावर दोन तास जास्त बसावे लागले तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ते दोन तास घाटात घालवलेल्या दोन तासांपेक्षा कितीतरी सुखाचे असतात.

सामान बेताचे असेल, तर दुपारच्या रेल्वेने दादरला उतरून पुढे टॅक्सी करणे हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे, कारण घाटातील रस्त्याची अनिश्चितता त्यातून टळते. मुंबईतच राहणाऱ्यांना मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचे टर्मिनल दोनचे स्थानक सोयीचे पडते. सायकलीचे खोके असेल तर मात्र मोठी मोटारच सांगावी, आणि खोक्याची लांबी, रुंदी व उंची चालकाला आदल्या दिवशी कळवावी. मागील बाजूस सीएनजीची टाकी असलेल्या मोटारीत ते खोके मावत नाही.

घरातून निघण्याआधी नीट जेवून घ्यावे. त्या दिवशी दुपारी तासभर झोप काढता आली तर ती अवश्य काढावी. रात्री विमानात मिळणारी झोप तुटक असते.

विमानतळ आणि विमान

टर्मिनल दोनच्या प्रवेशद्वारावर पारपत्र आणि तिकीट दाखवावे लागते, त्यानंतर सामान, पारपत्र तपासणी आणि सुरक्षा तपासणी या क्रमाने रांगा लागतात. मध्यरात्रीच्या सुमारास अनेक आंतरराष्ट्रीय विमाने एकापाठोपाठ सुटत असल्याने नेमकी तीच वेळ गर्दीची असते. भारतीय नागरिकांसाठी गृहमंत्रालयाने सुरू केलेली जलद तपासणीची योजना २०२५ पासून मुंबईतही उपलब्ध आहे. त्यासाठी आधी अर्ज करून बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून ती सहल ठरल्याबरोबर मार्गी लावावी. सायकलीचे खोके नेहमीच्या पट्ट्यावर न जाता मोठ्या सामानाच्या स्वतंत्र जागी द्यावे लागते, आणि तेथे ते क्ष-किरण यंत्रातून पार होईपर्यंत थांबावे.

शाकाहारी जेवण किमान एक दिवस आधी नोंदवलेले असावे. विमान सुटल्यावर घड्याळ लगेच जर्मनीच्या वेळेला लावावे : उन्हाळ्यात तेथील वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. विमानात जेवण येईपर्यंत जागे राहण्यापेक्षा विमानतळावरच घरचे काही खाऊन घ्यावे आणि विमान सुटताच डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे घालून झोपावे. सुमारे नऊ तासांच्या उड्डाणात सहा तास विश्रांती मिळाली तर पुढचा दिवस पूर्णपणे वेगळा जातो. मद्य टाळावे, पाणी वरचेवर प्यावे, आणि जाग येईल तेव्हा उठून चार पावले चालावीत, घोटे गोल फिरवावेत. दीर्घकाळ बसून राहिल्याने पायांतील रक्तप्रवाह मंदावतो. ज्यांना पूर्वी रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला आहे, त्यांनी पायमोज्यांबाबत आणि औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा.

म्युनिकहून पासाऊ

विमान सकाळी सहा-सातच्या सुमारास उतरते. शेंगेन क्षेत्रात बाहेरच्या देशांतील प्रवाशांची अंकीय नोंद ठेवणारी नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली आहे. प्रथमच नोंद होणाऱ्या प्रवाशाला अधिक वेळ लागू शकतो. उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत दोन तास धरावेत, म्हणजे मन शांत राहते.

याच कारणासाठी पुढच्या रेल्वेचे ठरावीक गाडीशी बांधलेले स्वस्त तिकीट आधीच काढून ठेवू नये. विमानाला तासाभराचा उशीर झाला की ते तिकीट वाया जाते. या प्रवासात प्रादेशिक गाड्या पुरेशा सोयीच्या आहेत, आणि त्यांच्या तिकिटावर कोणत्याही वेळेची गाडी चालते. म्युनिक विमानतळाच्या स्थानकावरून फ्रायझिंग व लांट्सहूट मार्गे रेगेन्सबुर्गला जाणारी प्रादेशिक गाडी दर तासाला सुटते. तिने लांट्सहूटला उतरावे आणि तेथे म्युनिकहून प्लाटलिंगमार्गे पासाऊला जाणारी गाडी धरावी. म्युनिक शहरात जाऊन मुख्य स्थानकावरून परत याच दिशेला येण्याची गरज नसते. पुष्कळजण ओळखीचे नाव म्हणून मुख्य स्थानकच गाठतात आणि सामानासह उगाच फेरा घालतात. लांट्सहूटचा बदल धरून हा प्रवास अडीच तासांच्या आसपास होतो.

तिकिटासाठी बायर्न तिकीट नावाचा दिवसभराचा पास बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो. त्यावर बव्हेरिया राज्यातील सर्व प्रादेशिक गाड्या चालतात आणि एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येते. प्रत्येक वाढीव माणसामागे किंमत थोडीच वाढते, त्यामुळे चौघा-पाच जणांच्या गटाला तो फारच स्वस्त पडतो. दोन अटी मात्र नीट लक्षात ठेवाव्यात. सोमवार ते शुक्रवार तो सकाळी नऊनंतरच चालतो, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. आणि आयसीई किंवा आयसी या जलद गाड्यांत तो चालत नाही. म्हणून कामाच्या दिवशी आठलाच बाहेर पडलात, तरी घाई करू नये : स्वच्छतागृहात तोंड धुवून कपडे बदलावेत, गरम काहीतरी प्यावे, घरी ‘पोहोचलो’ असा निरोप द्यावा आणि नऊनंतरची गाडी घ्यावी. तिकिटावर प्रत्येक प्रवाशाचे नाव लिहावे लागते आणि तपासनीस पारपत्र मागू शकतो.

सायकल बरोबर असेल, तर तिला स्वतंत्र तिकीट लागते आणि गाडीत जागा असेल तरच प्रवेश मिळतो. म्युनिक परिसरातील लोकल गाड्यांत कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ सायकल नेता येत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी जर्मन रेल्वेच्या ॲपवर त्या दिवसाचा मार्ग पुन्हा पाहावा. उन्हाळ्यात रुळांची कामे निघतात, काही टप्प्यावर गाडीऐवजी बस सोडली जाते, आणि अशा बसमध्ये सायकलीला सहसा जागा मिळत नाही. भाड्याची सायकल घेणाऱ्याला येथेही चिंता नसते, हे पुन्हा सांगावेसे वाटते.

गाडीत गुंगी येते, आणि पासाऊनंतर काही गाड्या पुढे ऑस्ट्रियात जातात. उतरण्याच्या वेळेच्या दहा मिनिटे आधीचा गजर लावून ठेवावा, म्हणजे निश्चिंतपणे डोळे मिटता येतात.

पासाऊमधील दुपार

हॉटेलात खोली बहुधा दुपारी दोन-तीननंतरच मिळते, पण सामान आधी ठेवून घेतले जाते. सामान ठेवून प्रथम सायकलीच्या दुकानात जावे. बव्हेरियात रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दुकाने बंद असतात. या बाबतीत एक तारीख विशेष सांगण्याजोगी आहे : १५ ऑगस्टला पासाऊमध्ये आणि संपूर्ण ऑस्ट्रियात धार्मिक सुट्टी असते, त्यामुळे स्वातंत्र्यदिनाला जोडून रजा काढणाऱ्यांनी त्या दिवशी सायकल, औषध किंवा किराणा मिळेल असे गृहीत धरू नये. भाड्याच्या दुकानाची त्या दिवसाची वेळ लेखी विचारून घ्यावी, आणि ते बंद असल्यास पोहोचण्याची तारीख बदलावी.

सायकल हाती आल्यावर तिच्यावर पंधरा मिनिटे रिकाम्या जागेत सराव केल्याशिवाय दुकान सोडू नये. आपल्याकडे उजव्या हाताचा लिव्हर बहुधा पुढचा ब्रेक लावतो. जर्मनीत पुढचा ब्रेक सामान्यतः डाव्या हाताला असतो. उतारावर सवयीने डावा लिव्हर जोरात दाबला गेला तर मागचे चाक उचलले जाऊ शकते. भाड्याच्या काही सायकलींना उलटे पेडल मारल्यावर लागणारा मागचा ब्रेकही असतो. आपल्यापैकी बहुतेकांना थांबल्यावर पेडल मागे फिरवून पाय ठेवण्याची सवय असते, ती त्या सायकलीवर चालत नाही. त्यात वाहतूक उजव्या बाजूने. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या वाहनांना ओलांडावे लागते, आणि थकलेला मेंदू जुन्याच बाजूला ओढ घेतो. म्हणून या दिवशी गावाबाहेर सायकल नेऊ नये. सीटची उंची, पॅनियरचे हूक, कुलूप, जादा ट्यूबचा आकार आणि दुकानाचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक एवढे तपासून सायकल हॉटेलात लावावी.

त्यानंतर झोपण्याची तीव्र इच्छा होईल. ती संध्याकाळपर्यंत रोखावी, फार तर वीस मिनिटे पडावे. जूनमध्ये येथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, आणि तो उजेडच शरीराला नवी वेळ शिकवतो, तेव्हा बाहेर चालत राहणे उत्तम. जुन्या गावाच्या टोकाला डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्या एकत्र येतात. दलदलीच्या प्रदेशातून आलेली इल्झ काळसर दिसते आणि आल्प्समधून आलेली इन फिकट हिरवट. नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. जून २०१३ मध्ये येथे पाणी १२.८९ मीटरपर्यंत चढले होते, १५०१ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर होता. ही खूण पाहून झाल्यावर त्या आठवड्याची नदीची पातळी आणि पावसाचा अंदाज हॉटेलात विचारून घ्यावा, कारण सायकलमार्ग काही ठिकाणी पाण्याच्या अगदी लगत आहे आणि नदी चढल्यावर तो भाग बंद होतो.

बाजार उघडा असतानाच दुसऱ्या दिवसाचे खाणे घ्यावे : पाव, केळी, सुकामेवा, दही. बव्हेरियात दुकाने संध्याकाळी आठला बंद होतात. थोडे युरो रोख जवळ असावेत, कारण नदी ओलांडणाऱ्या लहान नावांवर आणि खेड्यांतील उपाहारगृहांत कार्ड चालेलच असे नाही. भारतीय तीन पिनांचा प्लग येथे बसत नाही, म्हणून ॲडॉप्टर काढून सर्व उपकरणे त्या रात्रीच चार्जिंगला लावावीत.

पहाटे तीन-चारला जाग येण्याची शक्यता फार आहे. भारतात तेव्हा सकाळ झालेली असते. फोन हाती न घेता पडून राहावे. दुसऱ्या दिवसाचा टप्पा मुद्दाम छोटा ठेवावा. डॅन्यूब जेथे मोठे वळण घेते, त्या श्लोगेनपर्यंतचे अंतर चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर आहे, वाट सपाट आहे, आणि नाश्ता करून नऊला निघाले तरी दुपारच्या उन्हाआधी तेथे पोहोचता येते. नदी दोन देशांची सीमा होत वाहत असल्याने पारपत्र पॅनियरमध्ये न ठेवता अंगावरच ठेवावे.